बीएएसएफची ‘ट्रिपल एस’ पद्धत : उत्पादनांच्या शाश्वततेचा हिशेब कितपत विश्वासार्ह?

रसायन कंपन्यांच्या वार्षिक अहवालांत अलीकडे एक आकडा हमखास ठळक अक्षरांत छापलेला असतो : एकूण विक्रीपैकी इतके टक्के विक्री शाश्वत उत्पादनांची. औद्योगिक स्वच्छता रसायनांसाठी कच्चा माल खरेदी करताना हा आकडा मला निरनिराळ्या पुरवठादारांकडून सतत ऐकावा लागतो, आणि ही टक्केवारी कोणी ठरवली व कशाच्या आधारावर ठरवली, हा प्रश्न दर वेळी शिल्लक राहतो. या प्रश्नाला सर्वांत तपशीलवार उत्तर देणाऱ्या पद्धतींपैकी एक म्हणजे बीएएसएफ या जर्मन कंपनीची ‘सस्टेनेबल सोल्यूशन स्टीअरिंग’. कंपनीत आणि बाहेरही तिला ‘ट्रिपल एस’ म्हणतात. ही पद्धत २०१२ पासून वापरात आहे आणि तिच्यातील वर्गवारीची अलीकडे पुनर्रचना झाली आहे. या पद्धतीचा आधार घेऊन खरेदीचे निर्णय घ्यावेत का, आणि घ्यायचे असतील तर तिच्या कोणत्या भागावर भरवसा ठेवावा, एवढाच या परीक्षणाचा विषय आहे.

१८६५ मध्ये मानहाइम येथे स्थापन झालेल्या आणि ऱ्हाइन नदीकाठच्या लुडविगशाफेन येथे मुख्यालय असलेल्या या कंपनीचा उत्पादनांचा पसारा प्रचंड आहे. प्लॅस्टिकचे दाणे, डिटर्जंटचे घटक, वाहनांचे उत्प्रेरक, जीवनसत्त्वे आणि कीटकनाशके एकाच छताखाली तयार करणाऱ्या उद्योगाने ‘आमची कोणती उत्पादने चांगली आणि कोणती त्रासदायक’ हे स्वतःशी ठरवायला घेतले, ही गोष्ट मुळातच सोपी नाही. कंपनीने यासाठी पन्नास हजारांहून अधिक उपयोगांची छाननी केली. येथे ‘उपयोग’ हा शब्द महत्त्वाचा आहे, कारण ट्रिपल एस एखाद्या पदार्थाला सरसकट चांगला किंवा वाईट ठरवत नाही. तो पदार्थ कोणत्या कामासाठी, कोणत्या उद्योगात आणि जगाच्या कोणत्या भागात वापरला जातो, हे एकत्र धरून मगच त्याचा वर्ग ठरवला जातो. ‘वर्ल्ड बिझनेस कौन्सिल फॉर सस्टेनेबल डेव्हलपमेंट’ या संस्थेने २०१८ मध्ये रसायन उद्योगासाठी जी सामाईक कार्यपद्धती प्रसिद्ध केली, तिचाही पाया हाच आहे : पदार्थ, उपयोग आणि प्रदेश यांचे प्रत्येक त्रिकूट वेगळे तपासायचे.

सुरुवातीला या पद्धतीत चार वर्ग होते, आता पाच आहेत. सर्वांत वर ‘पायोनिअर’ आणि त्याखाली ‘कॉन्ट्रिब्युटर’. या दोहोंची मिळून होणारी विक्री कंपनी अभिमानाने जाहीर करते आणि २०३० पर्यंत ती छाननीच्या कक्षेतील विक्रीच्या निम्म्याहून अधिक व्हावी, असे तिचे उद्दिष्ट आहे. मध्ये ‘स्टँडर्ड’ हा मोठा वर्ग आहे. त्याखालच्या ‘मॉनिटर्ड’ वर्गात, कायद्याचा किंवा ग्राहकांचा कल पाहता पुढे अडचण येऊ शकेल अशी उत्पादने येतात. तळाशी ‘चॅलेंज्ड’ हा वर्ग आहे. ज्यांच्याबाबत गंभीर चिंता आहे अशी उत्पादने त्यात मोडतात, आणि कंपनीच्या नियमानुसार अशा उत्पादनाला सुधारित पर्याय शोधावा लागतो किंवा वर्ग ठरल्यापासून जास्तीत जास्त पाच वर्षांत ते बाजारातून मागे घ्यावे लागते.

ही रचना प्रत्यक्षात काय साधते, हे माझ्या रोजच्या कामातल्या एका पदार्थावरून चांगले कळते. भांडी धुण्याच्या यंत्रात वापरल्या जाणाऱ्या वड्यांमध्ये पूर्वी सोडियम ट्रायपॉलिफॉस्फेट हा मुख्य घटक असे. जड पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियमला तो बांधून ठेवतो, म्हणून काचेच्या पेल्यांवर पांढरे डाग राहत नाहीत. मात्र सांडपाण्यातून हे फॉस्फेट नदी-तलावात गेले की शेवाळ आणि पाणवनस्पती फोफावतात. आपल्याकडे उल्हास नदीवर आणि इंद्रायणीवर जलपर्णीचा जो हिरवा थर दिसतो, त्यामागच्या कारणांत सांडपाण्यातील नत्र आणि फॉस्फेट ही पोषक द्रव्ये येतात. युरोपीय संघाने घरगुती कपडे धुण्याच्या डिटर्जंटमधील फॉस्फरसवर ३० जून २०१३ पासून आणि भांडी धुण्याच्या यंत्रांसाठीच्या डिटर्जंटवर १ जानेवारी २०१७ पासून कडक मर्यादा घातली. पर्याय म्हणून कॅल्शियमला बांधणारे ईडीटीए हे रसायन उपलब्ध होते, पण त्याचे जैविक विघटन फार सावकाश होते. बीएएसएफचे ‘ट्रायलॉन एम’ हे उत्पादन या जागी बसले. त्यातील एमजीडीए हा रेणू कॅल्शियमला बांधतोही आणि सांडपाणी प्रक्रियेत लवकर विघटितही होतो.

युरोपातील भांडी धुण्याच्या यंत्रासाठी हा पदार्थ वरच्या वर्गात गेला, तर त्यात आक्षेप घेण्यासारखे काही नाही. त्याने खरोखरच एका वाईट पदार्थाची जागा घेतली आहे. पण तोच पदार्थ महाराष्ट्रातील बाजारात आणला तर गणित बदलते, कारण येथील बहुतेक घरांत भांडी हाताने, वडीने किंवा द्रवाने घासली जातात आणि यंत्राच्या वड्यांचा खप मोजक्या शहरी घरांपुरता आहे. येथे एमजीडीएचा उपयोग औद्योगिक स्वच्छतेत, दुग्धप्रक्रियेच्या टाक्या धुण्यात किंवा हॉटेलांच्या मोठ्या यंत्रांत होईल, आणि तेथे तो नेमका कशाची जागा घेतो हे नव्याने पाहावे लागेल. बॉयलर किंवा टाकी धुण्यासाठी आधीच साधे आम्ल वापरले जात असेल, तर लाभाचे मोजमाप वेगळे निघेल. प्रदेशानुसार छाननी करण्याची अट मला म्हणूनच या पद्धतीची सर्वांत मोलाची बाजू वाटते. लुडविगशाफेनमध्ये ठरलेला वर्ग भिवंडीत किंवा बारामतीत आपोआप लागू होत नाही, हे पद्धत स्वतःच मान्य करते. पुरवठादाराचा विक्री विभाग मात्र हे बहुतेक वेळा सांगत नाही. एका पुरवठादाराने आम्हाला पाठवलेल्या माहितीपत्रकावर शाश्वततेचा मोठा शिक्का होता, आणि चौकशी केल्यावर तो शिक्का संपूर्णपणे युरोपातील वेगळ्याच उपयोगासाठी मिळालेला निघाला.

आता यातील दुबळी बाजू. ट्रायलॉन एमसारख्या पदार्थाचे गुण वापराच्या टप्प्यावर दिसतात, पण तो बनवताना हायड्रोजन सायनाइड आणि फॉर्मल्डिहाइड यांसारखे घातक पदार्थ हाताळावे लागतात. कारखान्याच्या आत ऊर्जा किती लागली, वायू किती सुटले आणि कामगारांना किती धोका पत्करावा लागला, हा भाग वर्गाच्या नावात दिसत नाही. या बाबतीत सॉल्व्हे या बेल्जियन कंपनीची पद्धत मला अधिक समतोल वाटते. तिच्यात दोन अक्ष आहेत. एका अक्षावर कच्च्या मालापासून कारखान्याच्या दारापर्यंत झालेल्या पर्यावरणीय हानीचे पैशांत मोल लावून ते उत्पादनाच्या किमतीशी ताडून पाहिले जाते, आणि दुसऱ्या अक्षावर बाजार त्या उत्पादनाकडे कोणत्या दृष्टीने पाहतो हे मांडले जाते. वापरात उत्तम पण बनवताना हानिकारक असे उत्पादन त्या आलेखावर लगेच उठून दिसते. बीएएसएफने हा पैलू वेगळ्या मार्गाने हाताळला आहे. विक्रीतील सुमारे ४५ हजार उत्पादनांचा कार्बन फूटप्रिंट तिने स्वतःच्या संगणक प्रणालीने काढला असून ग्राहकाने मागितल्यास तो उपलब्ध होतो. खरेदी विभागाने तो मागावा, असे मी आग्रहाने सांगेन, कारण वर्गाच्या नावापेक्षा एका किलोमागे किती कार्बन डायऑक्साइड हा आकडा तुलनेला कितीतरी अधिक उपयोगी पडतो.

ट्रिपल एसची खरी ताकद तिच्या तळाच्या वर्गात आहे, आणि अहवाल वाचणारे बहुतेक लोक नेमके तेथपर्यंत पोहोचत नाहीत. हेक्साब्रोमोसायक्लोडोडेकेन, म्हणजे एचबीसीडी, या ज्वालारोधकाचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. इमारतींच्या भिंतींना लावल्या जाणाऱ्या पॉलिस्टायरीन फोममध्ये तो अनेक दशके मिसळला जात होता. हा फोम इमारतीची उष्णता राखतो, इंधन वाचवतो, म्हणून केवळ ऊर्जाबचत मोजली तर तो आदर्श ठरेल. पण एचबीसीडी पर्यावरणात टिकून राहतो आणि सजीवांच्या शरीरात साठत जातो. टिकाऊ सेंद्रिय प्रदूषकांवरील आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम करारात २०१३ मध्ये त्याचा समावेश झाला आणि युरोपात २१ ऑगस्ट २०१५ नंतर परवानगीशिवाय त्याचा वापर बंद झाला. त्यानंतर उद्योग मोठ्या रेणूच्या, बहुवारिक ज्वालारोधकाकडे वळला. ऊर्जाबचतीचे गुण मिळवून विषारीपणाचे गुण झाकण्याची मुभा चांगल्या मूल्यमापन पद्धतीने कधीच देऊ नये, आणि ट्रिपल एस ती देत नाही : आधी धोका, कायदा आणि ग्राहकांच्या अपेक्षा या प्राथमिक कसोट्या, त्या पार झाल्या तरच पुढे हवामान, ऊर्जा किंवा संसाधन बचतीतील योगदानाचा विचार. हा क्रम योग्य आहे, आणि ज्या भारतीय कंपन्या स्वतःची पद्धत तयार करू पाहत आहेत त्यांनी तो जसाच्या तसा उचलावा.

तळाच्या वर्गाचे विक्रीतील प्रमाण कंपनीच्या अहवालांत एक टक्क्याहूनही कमी दाखवलेले असते. हा आकडा नगण्य वाटतो. पण २०२४ मध्ये कंपनीची एकूण विक्री ६५.३ अब्ज युरो होती, म्हणजे एक टक्का धरला तरी रक्कम ६५ कोटी युरोंच्या घरात जाते. शिवाय रसायनांच्या बाबतीत विक्रीचे मूल्य हे धोक्याचे माप होऊ शकत नाही. ग्रॅममध्ये वापरला जाणारा पदार्थ टनावारी विकल्या जाणाऱ्या पदार्थापेक्षा अधिक हानी करू शकतो. त्या एक टक्क्याच्या आत नेमके काय आहे, याची नावनिशीवार यादी प्रसिद्ध होत नाही, ही या पद्धतीवरची माझी सर्वांत गंभीर तक्रार आहे. उदाहरणे दिली जातात ती वरच्या दोन वर्गांची. खालच्या वर्गांबद्दल केवळ बेरीज कळते.

ही उणीव कोठे बोचते, ते शेतीरसायनांकडे पाहिल्यावर समजते. ग्लुफोसिनेट अमोनियम हे तणनाशक बीएएसएफने २०१८ मध्ये बायर या जर्मन कंपनीकडून घेतलेल्या व्यवसायाबरोबर आपल्याकडे आणले. प्रजननास घातक म्हणून वर्गीकृत झालेल्या या पदार्थाची युरोपीय संघातील मान्यता त्याच वर्षी संपली. भारतात मात्र त्याची नोंदणी आहे. पुढे २०२४ मध्ये कंपनीने जर्मनीतील क्नॅपसाक आणि फ्रँकफुर्ट येथील या पदार्थाचे उत्पादन थांबवण्याचे जाहीर केले, पण त्यामागे स्वस्त स्पर्धा आणि ऊर्जा व कच्च्या मालाचा खर्च ही कारणे होती, आणि यापुढे लागणारा माल बाहेरून विकत घेण्याचे ठरले. म्हणजे कारखाना बंद झाला तरी विक्री थांबली असे नाही. असा पदार्थ युरोपाबाहेरच्या पिकांसाठी कोणत्या वर्गात मांडला आहे, तो ‘मॉनिटर्ड’ आहे की ‘स्टँडर्ड’, हे प्रसिद्ध अहवालावरून वाचकाला कळत नाही. ज्या प्रदेशनिहाय छाननीचे मी वर कौतुक केले, तिची दुसरी बाजू येथे समोर येते. स्थानिक कायदा शिथिल असेल आणि स्थानिक ग्राहक तक्रार करत नसेल, तर तोच पदार्थ तेथे वरच्या वर्गात बसू शकतो. कसोटी बाजाराच्या अपेक्षेला बांधलेली असेल, तर ज्या बाजाराचा आवाज क्षीण आहे तेथे कसोटीही क्षीण होते.

विदर्भातील वाचकाला हे समजावून सांगण्याची गरज नाही. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो जणांना रुग्णालयात दाखल करावे लागले. त्या वर्षी कपाशी डोक्याइतकी उंच वाढली होती, फवाऱ्याचे तुषार चेहऱ्यावर येत होते, अंगावर साधा सदरा होता आणि पाठीवरचा पंप गळत असला तरी त्याच पंपाने दिवसभर काम करायचे होते. बंद केबिनच्या ट्रॅक्टरमधून फवारणी करणाऱ्या युरोपीय शेतकऱ्यासाठी जो धोका कागदावर आटोक्यात असतो, तो येथे आटोक्यात राहत नाही. तेव्हा प्रदेशनिहाय मूल्यमापन करायचेच असेल, तर त्यात केवळ कायदा आणि ग्राहकांची मागणी न पाहता तेथील माणूस तो पदार्थ प्रत्यक्षात कसा हाताळतो, हातमोजे आणि मुखपट्टी त्याला परवडते का, उन्हाळी दमटपणात ती अंगावर ठेवता येते का, हे सर्व मोजले पाहिजे. या कसोटीला किती वजन दिले जाते, ते कोणत्याही कंपनीने स्पष्ट शब्दांत जाहीर करावे. मी ही अपेक्षा सर्व शेतीरसायन उत्पादकांकडून करतो, एकाच कंपनीकडून नव्हे.

विक्रीच्या आकड्याविषयी आणखी एक सावधगिरी. पूर्वीच्या रचनेत वरच्या वर्गाला ‘अॅक्सलरेटर’ म्हणत, आणि त्याची विक्री २०२५ पर्यंत २२ अब्ज युरोंवर नेण्याचे उद्दिष्ट होते. ते २०२१ मध्येच, चार वर्षे आधी, पूर्ण झाले. ही कामगिरी वाखाणण्याजोगी दिसते. मात्र त्याच वर्षी कंपनीची एकूण विक्री ५९.१ अब्जांवरून ७८.६ अब्जांवर गेली होती, आणि या वाढीत किमतींचा वाटा सुमारे २५ टक्के तर मालाच्या प्रमाणाचा सुमारे ११ टक्के होता. कोविडनंतरच्या त्या वर्षात जगभर रसायनांचे दर भडकले होते, हे खरेदी विभागातील प्रत्येकाने अनुभवले आहे. उद्दिष्ट युरोत मांडले असेल तर भाववाढसुद्धा शाश्वततेची प्रगती म्हणून मोजली जाते. नवे उद्दिष्ट विक्रीच्या टक्केवारीत मांडल्यामुळे हा दोष बराच कमी झाला आहे, पण तो पूर्णपणे गेलेला नाही, कारण वरच्या वर्गातील मालाचे दर खालच्या वर्गापेक्षा वेगाने वाढले तर टक्केवारी त्यामुळेही फुगते. टनांमध्ये माहिती दिली तर हा प्रश्न मिटेल.

एखादा व्यवसाय विकून टाकला की त्यातील त्रासदायक उत्पादने विकणाऱ्याच्या यादीतून नाहीशी होतात, पण जगातून नाहीशी होत नाहीत. इटलीतील व्हिचेंझा जवळचा मितेनी हा फ्लोरिनयुक्त रसायनांचा कारखाना २०१८ मध्ये दिवाळखोरीत निघाला, भूजल दूषित केल्याचा तेथील खटला वर्षानुवर्षे चालला, आणि कारखान्याची यंत्रसामग्री लिलावातून भारतीय कंपनीने विकत घेऊन रत्नागिरी जिल्ह्यातील लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीत आणली. येथील उत्पादनाबाबत मी कोणताही आरोप करत नाही. मुद्दा एवढाच की एका कंपनीचा उत्पादनसंच तपासणारी कोणतीही पद्धत, ट्रिपल एससकट, आपल्या कुंपणापलीकडे पाहत नाही. तळाच्या वर्गातील किती उत्पादने खरोखर बंद केली आणि किती दुसऱ्याला विकली, अशी दोन वेगळी खाती अहवालात असायला हवीत.

‘बायोमास बॅलन्स’ या नावाने विकल्या जाणाऱ्या मालाबद्दल थोडक्यात सांगतो. यात साखळीच्या सुरुवातीला खनिज तेलापासून मिळणाऱ्या नाफ्थ्याऐवजी काही प्रमाणात जैविक कच्चा माल घातला जातो आणि त्याचे श्रेय हिशेबाने ठरावीक उत्पादनांना दिले जाते. तुमच्या पिंपातील रेणू जैविक असेलच असे नाही. प्रमाणपत्र स्वतंत्र संस्थेचे असेल आणि एकच श्रेय दोनदा मोजलेले नसेल, तर मला ही पद्धत मान्य आहे, पण त्यासाठी जादा दर देताना हे समजून घेतलेले असावे.

बाहेरून तपासणी करणाऱ्यांत स्वीडनमधील केमसेक या संस्थेचा ‘केमस्कोअर’ उपयोगी आहे. मोठ्या रसायन कंपन्यांना ती घातक पदार्थांचे प्रमाण, सुरक्षित पर्यायांवरील काम, पारदर्शकता आणि वाद या मुद्द्यांवर गुण देते. तेथे हवामानाचे काम किती चांगले याला दुय्यम स्थान आहे, त्यामुळे ट्रिपल एस आणि केमस्कोअर शेजारी ठेवून वाचले की एकाने झाकलेले दुसऱ्यात उघडे पडते. भारतातील पहिल्या एक हजार सूचीबद्ध कंपन्यांना सेबीच्या नियमांनुसार बीआरएसआर, म्हणजे व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता यांविषयीचा, अहवाल द्यावा लागतो आणि त्याच्या दुसऱ्या तत्त्वात उत्पादनांच्या शाश्वततेबद्दल विचारणा आहे. पण उत्पादनांच्या संपूर्ण जीवनचक्राचे मूल्यमापन केले का, हा प्रश्न त्यात ऐच्छिक भागात ठेवलेला आहे. तो अनिवार्य भागात आणला, तर तारापूर, महाड, रोहा आणि कुरकुंभ येथील उत्पादकांना अशी पद्धत स्वीकारण्यास खरे कारण मिळेल. आज ज्या मध्यम कंपन्या ती वापरतात, त्या बहुधा युरोपीय ग्राहकाच्या प्रश्नावलीमुळे वापरतात.

एकूण विचार करता, कंपनीने आपली संशोधनाची दिशा ठरवण्यासाठी वापरायचे साधन म्हणून मी ट्रिपल एसला उत्तम म्हणेन, आणि ग्राहकाला दाखवायचा पुरावा म्हणून मध्यम. ज्यांना तिच्या आधारावर खरेदी करायची आहे त्यांनी पुरवठादाराला लेखी विचारावे की हे उत्पादन, आमच्या या उपयोगासाठी, भारतात कोणत्या वर्गात आहे, तो वर्ग कोणत्या तारखेला ठरला, आणि मागील काही वर्षांत तो बदलला का. उत्तर ‘मॉनिटर्ड’ किंवा ‘चॅलेंज्ड’ असे आले तर पर्यायी मालाच्या चाचण्या लगेच सुरू कराव्यात, कारण मान्यतेच्या चाचण्यांना, विशेषतः अन्नप्रक्रिया आणि औषधनिर्मितीच्या ग्राहकांकडे, वर्ष-दीड वर्ष सहज जाते आणि माल मागे घेण्याची पाच वर्षांची मुदत वाटते तितकी लांब नसते. विक्री प्रतिनिधीचे तोंडी उत्तर पुरेसे समजू नये. कंपनीचे पत्र, उत्पादनाचा कार्बन फूटप्रिंट आणि सेफ्टी डेटा शीटची ताजी आवृत्ती अशी तिन्ही कागदपत्रे एकाच फाइलला लावून ठेवावीत, आणि डेटा शीटमधील धोक्याची विधाने मागच्या आवृत्तीशी ओळीने ओळ ताडून पाहावीत.